विश्लेषण : अमेरिकेतील अपार्टमेंटमध्ये स्वसंरक्षणासाठी शॉटगन? बंदुकीआधी भिंत तपासण्याचा सल्ला का दिला जातो?

मध्यरात्री कुणी दार फोडून आत शिरले तर काय करायचे, या प्रश्नाला अमेरिकेतील बंदुकांच्या दुकानात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘शॉटगन घ्या’. पिस्तुलापेक्षा नेम धरायला सोपी, जवळच्या अंतरावर अत्यंत प्रभावी आणि किमतीने तुलनेने परवडणारी, अशी तिची ख्याती आहे. पण हा सल्ला मुळात चारही बाजूंनी मोकळी जागा असलेल्या स्वतंत्र घरासाठीचा. अपार्टमेंटमध्ये भिंतीला भिंत लागून शेजारी राहतो, खाली-वर कुटुंबे असतात. तेथे शॉटगन निवडताना कोणते प्रश्न उभे राहतात, कायदा काय सांगतो आणि व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना ती घेता येते का, याविषयी…

अमेरिकेत घरात बंदूक ठेवण्याचा हक्क कुठून आला?

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. तो हक्क नागरी सैन्यदलापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दीर्घकाळ वाद होता. २६ जून २००८ रोजी ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निकाल दिला. स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगता येते, असे न्यायालयाने म्हटले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये पिस्तुलांवर असलेली बंदी त्यामुळे रद्द झाली. घरातील शॉटगन वा रायफल सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी, ही सक्तीही गेली. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, ‘मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागो’ खटल्याने हाच हक्क राज्ये आणि शहरांनाही लागू केला.

‘प्यू रिसर्च सेंटर’च्या २०२३ मधील पाहणीनुसार अमेरिकेतील ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे. त्यातील ७२ टक्के जणांनी ‘संरक्षण’ हे बंदूक बाळगण्याचे प्रमुख कारण सांगितले. म्हणजे शिकार किंवा छंद यापेक्षा भीती हे बंदूक खरेदीचे मोठे कारण आहे.

शॉटगनचा सल्ला तर थेट उपाध्यक्षांनी दिला होता. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेतील हत्याकांडानंतर बंदूक नियंत्रणाची चर्चा पेटली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑनलाइन प्रश्नोत्तरांत तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडेन यांनी, घराच्या रक्षणासाठी एआर-१५ रायफलीची गरज नाही, त्यापेक्षा दुनळी शॉटगन घ्या, असे सांगितले. संकट आले तर बाल्कनीत जाऊन दोन बार काढ, असे आपण पत्नीला सांगून ठेवले आहे, असेही ते म्हणाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात एकाने घराबाहेर संशयितांना पळवण्यासाठी हवेत बार काढला आणि बायडेन यांच्या सल्ल्याचा हवाला दिला. त्याच्यावर कारवाई झाली. वस्तीत हवेत गोळी झाडणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हाच आहे.

शॉटगन म्हणजे नेमके काय?

जत्रेत फुगे फोडण्यासाठी असते ती छऱ्याची बंदूक हवेच्या दाबावर चालते. शॉटगन म्हणजे आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणून ओळखली जाणारी, दारूच्या काडतुसावर चालणारी बंदूक. रायफल किंवा पिस्तुलाच्या नळीला आतून पीळ दिलेला असतो, त्यामुळे गोळी फिरत जाते. शॉटगनची नळी सहसा आतून गुळगुळीत असते. तिच्या एका काडतुसातून एका वेळी अनेक छर्रे सुटतात.

बारा, वीस हे आकडे ज्याला ‘गेज’ किंवा ‘बोअर’ म्हणतात त्याचे. नळीच्या आतल्या व्यासाएवढ्या शिशाच्या किती गोळ्या केल्या म्हणजे एक पौंड वजन भरेल, त्यावरून हा आकडा ठरतो. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. १२ गेजची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, तर २० गेजची सुमारे १५.६ मिलिमीटर व्यासाची असते.

खरा फरक पडतो तो काडतुसाने. पक्ष्यांच्या शिकारीसाठीच्या ‘बर्डशॉट’मध्ये बारीक छर्रे असतात. आठ क्रमांकाच्या बर्डशॉटचा छर्रा जेमतेम २.३ मिलिमीटरचा असतो आणि एका काडतुसात असे चारशेहून अधिक मावतात. ‘बकशॉट’ हा हरणासारख्या मोठ्या प्राण्यासाठीचा. त्यातील ‘डबल ऑट’ प्रकारात ८.४ मिलिमीटरचे आठ-नऊ छर्रे, तर ‘चार क्रमांक’ प्रकारात ६.१ मिलिमीटरचे साधारण २७ छर्रे असतात. तिसरा प्रकार ‘स्लग’, म्हणजे साधारण २८ ग्रॅम वजनाची एकच जाड गोळी.

अपार्टमेंटमध्ये वेगळा विचार का करावा लागतो?

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर भिंत म्हटले की वीट, सिमेंट, प्लास्टर येते. खिळा ठोकायचा तरी ड्रिल मशीन लागते. अमेरिकेतील बहुतांश घरांची आतली भिंत अशी नसते. लाकडी किंवा पत्र्याचे उभे खांब साधारण ४०-४० सेंटिमीटरवर उभे करतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जाडीचे जिप्समचे बोर्ड ठोकतात. मधली साधारण नऊ सेंटिमीटरची पोकळी रिकामी असते किंवा तिच्यात काचलोकर भरलेली असते. आपल्या ऑफिसांमधील पार्टिशनसारखाच हा प्रकार. जोरात आदळले तर दाराची मूठही या भिंतीला भोक पाडते.

दोन फ्लॅटमधली सामाईक भिंत याहून जाड असते. तिला आगीचे नियम लागू होतात, म्हणून ५/८ इंचाचे अग्निरोधक बोर्ड, काही ठिकाणी खांबांच्या दोन रांगा असतात. अशी भिंत साधारण तासभर आग थोपवेल, या हिशेबाने बांधलेली असते. गोळी थोपवणे हे तिचे कामच नाही. अमेरिकेत गेल्या काही दशकांत बांधल्या गेलेल्या पाच-सहा मजली इमारतींत तळमजला काँक्रीटचा आणि वरचे मजले लाकडी सांगाड्याचे, ही रचना फार प्रचलित आहे. तेथे केवळ भिंतीच नव्हे, तर मजल्यांमधील जमीनही लाकडाची असते. उंच टॉवरमध्ये मजले काँक्रीटचे असले, तरी खोल्यांमधील भिंती बहुधा जिप्समच्याच असतात.

म्हणूनच अपार्टमेंटमध्ये बंदूक निवडताना ‘चोर थांबेल का’ या प्रश्नाइतकाच ‘चुकलेला छर्रा कुठे जाऊन थांबेल’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भिंतीतून न जाणारे काडतूस मिळत नाही का?

अनेक जण नेमके हेच शोधतात आणि येथेच पेच आहे. हातगोळीच्या परिणामकारकतेसाठी अमेरिकेत ‘एफबीआय’चा निकष प्रमाण मानला जातो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत ‘एफबीआय’चे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर केलेल्या अभ्यासातून, शरीराच्या ऊतींसारख्या घनतेच्या जेलमध्ये गोळी किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर शिरली पाहिजे, असा निकष रूढ झाला. शॉटगनची काडतुसेही आता याच फूटपट्टीने मोजली जातात.

बारीक बर्डशॉट या निकषात बसत नाही. तो जेलमध्ये साधारण त्याच्या निम्माच शिरतो. जखम भयंकर दिसते, पण उथळ राहू शकते आणि हल्लेखोर थांबेलच याची खात्री नसते. शिवाय जवळून झाडलेला बर्डशॉटही जिप्समची एक भिंत सहज पार करतो. डबल ऑट बकशॉट निकषात पुरेपूर बसतो, पण तोच एकामागोमाग अनेक भिंती भेदून जातो. चार क्रमांकाचा बकशॉट या दोन्हींच्या मध्ये आहे. त्याचे छर्रे हलके असल्याने लवकर वेग गमावतात, पण एका भिंतीने तेही अडत नाहीत. स्लगचा विचार अपार्टमेंटमध्ये करूच नये, यावर प्रशिक्षकांचे सहसा दुमत नसते.

निष्कर्ष सरळ आहे. माणसाला खात्रीने थांबवू शकेल असे काडतूस जिप्समची भिंत अडवू शकत नाही आणि भिंत ज्याला अडवेल त्याच्याने माणूस थांबेलच असे नाही. त्यामुळे ‘अपार्टमेंटसाठी सुरक्षित’ असा शिक्का कोणत्याही काडतुसावर मारता येत नाही. कमी दणक्याचा बकशॉट वापरून धोका थोडा कमी होतो, संपत नाही.

‘शॉटगनला नेम धरावा लागत नाही’ हे खरे का?

हा सर्वांत रुजलेला आणि सर्वांत घातक गैरसमज. चित्रपटांत शॉटगनच्या एका बाराने अख्खी भिंत चाळणीसारखी होते. प्रत्यक्षात छर्रे नळीतून एकत्र बाहेर पडतात आणि अंतर वाढेल तसे हळूहळू पसरतात. दर यार्डाला साधारण एक इंच, हा जुना ढोबळ हिशेब आहे. आधुनिक काडतुसांत पसारा त्याहूनही कमी असतो. अपार्टमेंटमधील खोलीत समोरचा माणूस फार तर पाच-सहा मीटरवर असणार. तेवढ्या अंतरावर छर्ऱ्यांचा पुंजका मुठीएवढा ते तळहाताएवढा राहतो. म्हणजे नेम चुकला, तर आठ-नऊ छर्रे एकगठ्ठा शेजारच्या दिशेने जातात. यातील प्रत्येक छऱ्याची जबाबदारी चाप ओढणाऱ्याची.

दुसरा समज पंप-ॲक्शनच्या ‘खट-खट’ आवाजाचा. तो ऐकूनच चोर पळतो, असे सांगितले जाते. कुणी पळूनही जाईल, पण त्याच आवाजाने आपण कुठे आहोत हेही समोरच्याला कळते. आवाजावर भरवसा ठेवून संरक्षणाची योजना आखता येत नाही.

तिसरी, सहसा न सांगितली जाणारी गोष्ट कानांची. शॉटगनच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच धमाका कानांना कायमची इजा करू शकतो. बंद खोलीत, शेजारी लहान मूल झोपलेले असताना, याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

१२ गेज की २०? पंप की सेमी-ऑटोमॅटिक?

१२ गेजसाठी काडतुसांचे सर्वाधिक प्रकार मिळतात, म्हणून बहुतेकांचा कल तिकडे असतो. पण तिचा दणका मोठा. साधारण तीन-साडेतीन किलोची ही बंदूक खांद्याला असा धक्का देते की नवशिका दुसऱ्या बाराआधी नेम गमावून बसतो. २० गेजचा दणका कमी असल्याने घरातील सर्व प्रौढांना ती पेलता येते. घरात दोन्ही गेजच्या बंदुका असतील, तर काडतुसे चुकूनही एकत्र ठेवू नयेत. २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि त्यामागे १२चे काडतूस घालून बार काढला, तर नळीच फुटते. हा धोका ओळखूनच २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा आहे.

पंप-ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरावे लागते. १९५० मध्ये बाजारात आलेली ‘रेमिंग्टन ८७०’ आणि १९६०च्या दशकापासून विकली जाणारी ‘मॉसबर्ग ५००’ या या प्रकारातील सर्वांत परिचित बंदुका. रचना साधी, किंमत आटोक्यात आणि कोणतेही काडतूस चालते, हे त्यांचे गुण. दोष असा, की घाबरलेल्या हाताने मूठ पूर्ण मागे ओढली गेली नाही, तर रिकामे काडतूस बाहेर पडत नाही आणि बंदूक अडते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते आणि दणकाही कमी जाणवतो. मात्र तिची किंमत जास्त असते आणि काही बंदुका कमी शक्तीच्या काडतुसांवर नीट चालत नाहीत. दुनळी बंदूक सर्वांत साधी, पण दोनच बार देते.

लांबीचा प्रश्न अपार्टमेंटमध्ये विशेष जाणवतो. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर तिची फेडरल सरकारकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. साध्या कायदेशीर शॉटगनची एकूण लांबी साधारण मीटरभर होते. अरुंद बोळात, दाराच्या चौकटीत ती वळवणे अवघड आणि कोपऱ्यावर दडलेल्या माणसाला तिची नळी पकडणे सोपे. म्हणूनच घरभर चोर शोधत फिरू नये, एका खोलीत थांबावे, असे प्रशिक्षक सांगतात. लांब हात नसलेल्यांसाठी आखूड दस्ता मिळतो आणि तो नळीच्या लांबीइतकाच महत्त्वाचा असतो.

बंदुकीला जोडलेला टॉर्च उपयोगी ठरतो, कारण अंधारात समोर कोण आहे हे दिसले पाहिजे. पण तो वापरायचा तर नळी त्या व्यक्तीवर रोखावी लागते. ती व्यक्ती पाणी प्यायला उठलेला मुलगा किंवा गावाहून आलेले सासरे असतील तर? त्यामुळे हातात धरायचा वेगळा टॉर्चही हवाच.

ठेवायची कुठे?

दारामागे उभी करून ठेवलेली बंदूक चटकन हाती येते, तशी ती मुलाच्या आणि चोराच्याही हाती येते. अमेरिकेतील बहुतेक घरफोड्या घरात कुणी नसताना होतात. न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या अहवालानुसार २००३ ते २००७ या काळात दरवर्षी सरासरी ३७ लाख घरफोड्या झाल्या. त्यातील सुमारे २८ टक्के घटनांमध्ये घरातील कुणी हजर होते आणि एकूण घटनांपैकी सुमारे ७ टक्क्यांमध्ये घरातील व्यक्तीवर हिंसा झाली. म्हणजे वर्षातील बहुतांश काळ बंदूक स्वतःच चोरीला जाऊ शकणारी वस्तू असते.

याहून गंभीर बाब घरातल्या माणसांची. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६ हजार ७२८ मृत्यू झाले. त्यातील ५८ टक्के आत्महत्या होत्या. घरात कुणी नैराश्यात असेल, किशोरवयीन मूल असेल, तर बंदुकीचा सर्वांत मोठा धोका दाराबाहेरून येणाऱ्याला नव्हे, तर आत राहणाऱ्यांना असतो. अशा घरात ती न आणणे किंवा कठीण काळात घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवणे, हाच सल्ला डॉक्टर देतात.

ठेवायचीच, तर बोटांच्या खुणेवर किंवा बटणांवर उघडणारी, भिंतीला वा जमिनीला बोल्टने पक्की केलेली तिजोरी हवी. शॉटगन पडल्यावर आपोआप बार उडू नये याची खात्री अनेक मॉडेलमध्ये नसते. म्हणून काडतुसे बंदुकीखालच्या नळीत, पण मुख्य नळी रिकामी, अशा अवस्थेत ठेवण्याचा प्रघात आहे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत बंदूक कुलपात ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अनेक राज्यांत घरमालक भाडेकरारातच शस्त्रबंदीची अट घालू शकतो. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी करार वाचणे गरजेचे.

कायदा कोणाच्या बाजूने?

‘प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला’ हे तत्त्व १६०४ मधील इंग्लंडच्या ‘सेमेन’ खटल्यापासून चालत आले आहे. अमेरिकेत त्याला ‘कॅसल डॉक्ट्रिन’ म्हणतात. घरात बळजबरीने शिरणाऱ्यापुढे माघार घेण्याचे बंधन रहिवाशावर नसते, असा त्याचा ढोबळ अर्थ. तपशील राज्यागणिक बदलतात. पण ‘मला भीती वाटली’ एवढे सांगून भागत नाही. ती भीती समंजस माणसाला वाटावी अशी होती का, हे ज्युरी पाहते.

शॉटगनच्याच दोन घटना बोलक्या आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मिशिगनमधील डिअरबॉर्न हाइट्स येथे अपघातग्रस्त गाडी सोडून आलेल्या १९ वर्षीय तरुणीने पहाटे एका घराचे दार ठोठावले. घरमालकाने आतून १२ गेज शॉटगन झाडली. तरुणी ठार झाली आणि २०१४ मध्ये ज्युरीने घरमालकाला खुनाबद्दल दोषी ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये न्यू यॉर्क राज्यात चुकीच्या आवारात शिरलेली गाडी मागे वळत असताना घरमालकाने झाडलेल्या शॉटगनने २० वर्षीय तरुणीचा मृत्यू झाला. त्याला २५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

अपार्टमेंटची भिंत न्यायालयात पोहोचली ती लुइव्हिल येथील ब्रिओना टेलर प्रकरणात. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्री पोलिसांनी तिच्या फ्लॅटचे दार फोडले. कुणी घुसखोर आले आहेत असे समजून तिच्या मित्राने परवानाधारक पिस्तुलातून एक गोळी झाडली, ती एका पोलिसाच्या मांडीला लागली. प्रत्युत्तरात झालेल्या गोळीबारात टेलर ठार झाली. एका अधिकाऱ्याने बाहेरून, झाकलेल्या खिडकी-दारातून दहा गोळ्या झाडल्या. त्यातील काही भिंत भेदून शेजारच्या फ्लॅटमध्ये गेल्या. तेथे एक गर्भवती, तिचा जोडीदार आणि पाच वर्षांचे मूल होते. सुदैवाने तिघेही बचावले. शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याच्या आरोपातून या अधिकाऱ्याची २०२२ मध्ये सुटका झाली. मात्र टेलरच्या नागरी हक्कांचा भंग केल्याबद्दल फेडरल ज्युरीने २०२४ मध्ये त्याला दोषी ठरवले. गोळीबार पिस्तुलांचा होता, पण धडा तोच आहे. प्रशिक्षित पोलिसाच्या गोळ्याही शेजारच्या घरात शिरल्या.

व्हिसावर असलेल्या भारतीयांना बंदूक घेता येते का?

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा कळीचा प्रश्न. फेडरल कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. काही मोजके अपवाद आहेत. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातील प्रमुख. ही मनाई केवळ खरेदीला नाही, तर ‘ताब्यात असण्याला’ आहे. रूममेटची बंदूक आपल्या कपाटात ठेवणेही अंगाशी येऊ शकते. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे.

संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका तरुणाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विद्यापीठातून काढून टाकल्यानंतरही तो फ्लोरिडात राहिला आणि नेमबाजी केंद्रात जाऊन त्याने बंदूक चालवली. आपला दर्जा बेकायदा आहे हे आरोपीला माहीत होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. मनाई मात्र कायम राहिली.

ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना बंदूक घेता येते. परवानाधारक विक्रेत्याकडून शॉटगन घेण्यासाठी फेडरल कायद्याने किमान वय १८ आहे, काही राज्यांत ते २१ आहे. पार्श्वभूमी तपासणी होते. न्यू जर्सीत शॉटगनसाठीही आधी पोलिसांकडून खरेदीदार ओळखपत्र काढावे लागते, इलिनॉयला ‘फॉइड’ कार्ड लागते, कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र आणि दहा दिवसांची प्रतीक्षा आहे. ग्रीन कार्डधारकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशातून हद्दपारीची कारवाई होऊ शकते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. तो पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हाधिकारी देतात. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षण वा खेळासाठी मागता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. खासगी बचावाचा हक्क मात्र भारतीय न्याय संहितेतही आहे. रात्रीच्या घरफोडीत तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो, पण बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मर्यादा त्यालाही आहे.

मग निवड कशी करायची?

बंदुकीच्या सुरक्षिततेचे अमेरिकेत शिकवले जाणारे चार नियम प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावाने ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका, नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नका आणि लक्ष्य कोण, त्याच्या मागे काय, याची खात्री करा. अपार्टमेंटमध्ये चौथा नियम सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत आधी पाळायचा.

त्यासाठी बंदूक घेण्यापूर्वी घराचा कागदावर आराखडा काढावा. शेजाऱ्याची बेडरूम कोणत्या भिंतीपलीकडे, मुलांचा पलंग कुठे, बाहेरची किंवा काँक्रीटची भिंत कोणती, हे त्यावर लिहावे. मग कुटुंबाने एकत्र जमण्याची एकच खोली ठरवावी. तिच्या दाराकडे तोंड केले असता दारामागे मोकळी बाहेरची बाजू किंवा काँक्रीट येते का, हे पाहावे. अशी एकही सुरक्षित दिशा मिळाली नाही, तर त्या घरासाठी कोणतीही शॉटगन योग्य नाही, मग ती १२ गेज असो वा २०. दिशा मिळाली, तर पेलवेल असे गेज, नीट बसेल असा दस्ता, बोल्टने पक्की तिजोरी आणि वर्षातून काही वेळा तरी सराव, या क्रमाने पुढे जाता येते.

आराखडा काढताना बरेचदा असे लक्षात येते, की कमी खर्चाची कामेच बाकी आहेत. दाराच्या चौकटीतील कडीच्या पट्टीला तीन इंची स्क्रू, बेडरूमला भक्कम दार व आतून कुलूप, दाराबाहेर दिवा आणि कॅमेरा, उशाशी चार्ज केलेला फोन. दार फोडले जात असल्याचा आवाज आला, तर सर्वांनी ठरलेल्या खोलीत जायचे, कुलूप लावायचे, ९११ ला फोन करून इमारतीचा पत्ता आणि फ्लॅट क्रमांक सांगायचा आणि पोलीस येईपर्यंत फोन चालू ठेवायचा. बंदूक असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही घरांसाठी पहिली पायरी हीच आहे.